हॉटेलांतील माणूस टिकतो कशानें?

१९४२ सालच्या ऑगस्ट महिन्यांत भिंगारच्या शेजारीं असलेल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यांत एकाएकीं मोठमोठे पाहुणे येऊन दाखल झाले. पंडित जवाहरलाल नेहरू, सरदार वल्लभभाई पटेल, मौलाना अबुल कलाम आझाद, आचार्य नरेंद्र देव प्रभृति राजबंद्यांना तत्कालीन सरकारनें तेथें आणून ठेवलें होतें. बंदी कितीहि थोर असला तरी त्याला दोन वेळां जेवावें लागतें, आणि जेवणासाठीं आचारी लागतो. तो मिळवितांना अधिकाऱ्यांच्या नाकीं नऊ आले. अखेर शहरांतील एका आचाऱ्यास दरमहा ६० रुपये पगाराचें आमिष दाखवून आणि थोडा सरकारी दाबहि घालून किल्ल्यांत आणण्यांत आलें. आंत कोणास ठेवलें आहे ही बातमी फुटूं नये म्हणून एकदां आंत आलेल्या नोकरास बाहेर जाण्याची मनाई होती. त्या बिचाऱ्यास आपल्यावर आकाशच कोसळल्यासारखें झालें, आणि त्याच्या हातून धड स्वयंपाक म्हणून होईना. मौलाना आझाद ह्यांनीं ही हकीकत १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गुबार-ए-खातिर’ ह्या आपल्या पत्रसंग्रहांत मोठ्या मिस्किलपणानें सांगितली आहे.

हकीकत हंसण्यासारखी असली तरी तिच्यांत हॉटेलच्या धंद्यांतील एक मर्म सांठविलेलें आहे. पगार चांगला होता, दाराला कुलूप होतें, पहाऱ्यावर शिपाई होते. तरी माणूस टिकला नाहीं. शरीर भिंतींच्या आंत राहिलें, चित्त बाहेर निघून गेलें. मग माणूस टिकतो तो कशानें? एवढ्या बलाढ्य सरकारला न सुटलेलें हें कोडें आज प्रत्येक लहानमोठ्या हॉटेलवाल्यापुढें उभें आहे. ‘माणसें मिळत नाहींत, मिळालीं तर टिकत नाहींत,’ ही तक्रार ह्या धंद्यांत सर्वत्र ऐकूं येते. तिचा उलगडा पगाराच्या आंकड्यांत जितका आहे, त्याहून अधिक त्या हॉटेलच्या चालकाच्या वागणुकींत आहे.

भिंगार हें नगरला लागून असलेलें छावणीचें गांव. नगरचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें. चिलखती दलाचें केंद्र व शाळा आणि यांत्रिकी पायदळाचें केंद्र ह्यांमुळें ह्या परिसरांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून जवान येतात. त्यांना भेटावयास आईबाप येतात. पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून प्रवासी येतात. अशा गांवांतील १० नोकरांचें एक हॉटेल नमुन्यादाखल डोळ्यांसमोर आणावें. एक मुख्य आचारी, त्याचे दोन मदतनीस, चहा करणारा एक, चार वाढपी आणि भांडीं घासणारे दोघे. सकाळीं सहाला शेगडी पेटते ती रात्रीं अकराला विझते. दुपारीं काम मंदावतें, पण तो वेळ धड कामाचा नव्हे आणि धड विश्रांतीचाहि नव्हे. इतरांचा जो सण तो ह्यांचा अधिक राबण्याचा दिवस. बहुतेकांचें घर दूर, झोपणें हॉटेलच्या माळ्यावर, आणि जेवणाची वेळ सर्वांचीं जेवणें उरकल्यावर.

आतां शाळेच्या फळ्यावर मांडावें असें एक साधें गणित. समजा, ह्या १० जणांपैकीं ६ जण वर्षाकाठीं सोडून गेले, आणि त्यांच्या जागीं आलेल्या प्रत्येकास काम अंगवळणीं पडावयास २ महिने लागले. सहा दुणे बारा. म्हणजे सरासरीनें पाहतां वर्षाचे बाराहि महिने त्या हॉटेलांत एक माणूस नवखाच असतो. त्याच्या हातून कप फुटतात, ऑर्डर चुकते, नेहमींच्या गिऱ्हाइकाला बिनसाखरेचा चहा लागतो हें त्याला ठाऊक नसतें. त्याला शिकविण्यांत जुन्या माणसाचा वेळ जातो, म्हणजे त्याचेंहि काम अर्धें होतें. जाणारा मुख्य आचारी असला तर त्याच्याबरोबर मिसळीच्या रश्श्याची चवहि जाते. कारण ती कागदावर लिहिलेली नसते, ती त्याच्या हातांत असते. मालकाच्या वहींत पगाराची रक्कम असते, दुधाची असते, गॅसची असते. माणूस गेल्याचा तोटा मात्र कोणत्याच वहींत लिहिला जात नाहीं. लिहिला जात नाहीं म्हणून तो दिसत नाहीं, पण गल्ल्यांतून तो रोज थोडा थोडा ओघळत असतो.

हॉटेलवाल्यास कारण विचारावें तर तो सांगतो, “दोनशें रुपये जास्त मिळाले कीं ही मंडळी पळतात.” ह्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. ज्याच्या घरीं पैशाची वाट पाहिली जात आहे त्याला दोनशें रुपयेहि मोठे वाटतात. परंतु गेलेल्या नोकराशीं निवांतपणें बोललें तर निराळ्याच गोष्टी बाहेर येतात. गिऱ्हाइकांच्या देखत मालक नको तें बोलला. बहिणीच्या लग्नाला दोन दिवस मागितले ते दिले नाहींत. ताट फुटलें त्याचे पैसे कापले, पण महिनाभर रात्रीं उशिरापर्यंत थांबला त्याचा कोणीं शब्दहि काढला नाहीं. पगारांतील फरक हें जाण्याचें निमित्त होय. कारण बहुधा आधींच तयार झालेलें असतें.

चालकाच्या वागणुकीचा परिणाम प्रत्येक धंद्यांत होतो, मग हॉटेलांतच तो इतका तीव्र कां? ह्याचें उत्तर कामाच्या स्वरूपांत आहे. गिरणींतील विणकराचा राग कापडावर दिसत नाहीं. पण वाढप्याचा राग ताटाबरोबर गिऱ्हाइकासमोर येऊन बसतो. शिवाय कारखान्यांतील कामगारास एक वरिष्ठ असतो, वाढप्यास एकाच वेळीं तिघे धनी असतात. गल्ल्यावरचा मालक म्हणतो लवकर कर. भटारखान्यांतील आचारी म्हणतो थांब. आणि टेबलावरचें गिऱ्हाईक म्हणतें, आतांच आण. तिघांच्या ओढाताणींत जो सांपडतो तो वयानें सर्वांत लहान आणि पगारानें सर्वांत हलका असतो.

अमेरिकेंतील शिकागो शहरांत १९४४-४५ च्या सुमारास विल्यम फूट व्हाइट ह्या समाजशास्त्रज्ञानें उपाहारगृहांची बारकाईनें पाहणी केली आणि १९४८ सालीं तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. गर्दीच्या वेळीं कांहीं वाढपी स्त्रियांना रडूं कोसळतें, कांहींना मात्र तीच गर्दी सहज पेलते, असें त्याला दिसून आलें. हा फरक नुसत्या स्वभावाचा नव्हता. जिच्या पाठीशीं समजूतदार पर्यवेक्षक उभा असे आणि जी गिऱ्हाइकाच्या हांकेची वाट न पाहतां आपण होऊन पुढें होई, ती तग धरी. दुसरी गोष्ट त्याहून गंमतीची. आपल्यापेक्षां खालच्या समजल्या जाणाऱ्या मुलीनें येऊन ‘हें लवकर करा’ असें सांगावें, हें आचाऱ्यांना खपत नसे. त्यावरून रोज खटके उडत. कांहीं ठिकाणीं मध्यें एक खिळा बसवून त्याला मागणीच्या चिठ्ठ्या अडकविण्याची रीत होती. तेथें वाढपी मुलगी चिठ्ठी लावून निघून जाई, आचारी आपल्या सोयीनें ती पाही. कोणीं कोणास हुकूम केला असें होत नसे, आणि भांडणें पुष्कळ कमी होत. एका खिळ्यानें जें साधलें तें शंभर उपदेशांनीं साधलें नसतें. नेतृत्व म्हणजे गोड बोलणें एवढेंच नव्हे. माणसांना एकमेकांवर आदळावें लागणार नाहीं अशी कामाची मांडणी करणें हेंहि नेतृत्वच होय, हें ह्या उदाहरणावरून ध्यानीं येईल.

ही मांडणी सर्वांत आधीं दिसते ती पाळ्यांच्या तक्त्यांत. उपाहारगृहांतील नोकरांचे कामाचे तास आणि साप्ताहिक सुट्टी ह्यांची तरतूद १९४८ च्या मुंबई दुकानें व संस्था अधिनियमांत होती; २०१७ सालीं महाराष्ट्रांत त्याच्या जागीं नवीन कायदा आला. परंतु कायदा सुट्टी देतो. ती कोणास कोणत्या वारीं द्यावयाची हें मॅनेजर ठरवितो. मर्जीतल्या माणसास नेहमीं सोयीची पाळी आणि नव्या पोरास नेहमीं रात्रीची, असें झालें कीं हॉटेलांत दोन तट पडतात. तक्ता आठ दिवस आधीं भिंतीवर लागला, त्यांत सर्वांची आळीपाळी दिसली, आणि दिवाळींत ज्याला घरीं जातां आलें नाहीं त्याला पुढच्या सणाला प्रथम सोडण्यांत आलें, तर काम तेवढेंच असूनहि तें हलकें वाटतें. माणसाला कष्टांचें दुःख होतें त्याहून पक्षपाताचें अधिक होतें.

तीच गोष्ट पैशाची. पगार किती हें एकदां ठरतें. तो कोणत्या तारखेस मिळतो हें दर महिन्याला ठरतें. ७ तारखेचा शब्द देऊन २० तारखेस पैसे देणारा मालक नोकराला घरच्या माणसांसमोर खोटा पाडतो. बक्षिसीचेंहि तसेंच. टेबलावर ठेवलेले पैसे ज्यानें ताट वाढलें त्याचे, कीं ज्यानें आंत धूर सोसून तें रांधलें त्याचेहि? ह्याचा नियम ज्या हॉटेलांत सर्वांसमक्ष ठरलेला असतो तेथें कुरबुर राहत नाहीं. जेथें तो नसतो तेथें दर रात्रीं पन्नास रुपयांवरून मनें तुटतात. कांहीं मालक आधीं मोठी उचल देऊन नोकराला बांधून घालतात. ती युक्ति किल्ल्याच्या कुलपासारखीच आहे. त्या योगें माणूस राहतो, पण फेड होईपर्यंतच, आणि तोंवरहि मनावांचून.

तिसरी गोष्ट बोलण्याची. चूक दाखविलीच पाहिजे. ती न दाखविणारा चालक चांगला नव्हे, दुर्बळ होय. पण ती कोठें दाखवावी आणि कशी, ह्यांत सारें शहाणपण आहे. भटारखान्याच्या मागच्या दारीं दोन वाक्यांत सांगितलेली चूक सुधारते. भरल्या हॉटेलांत ओरडून सांगितलेली चूक सुधारत नाहीं, ती मनांत सलते. आणि गिऱ्हाईकच अन्यायानें अंगावर आलें तर? ‘गिऱ्हाईक हें दैवत’ ही शिकवण खरी. परंतु दैवतापुढें निरपराध्याचा बळी द्यावा असा तिचा अर्थ नाहीं. मालक उठून येतो, गिऱ्हाइकाची क्षमा मागतो, नवा चहा मागवितो आणि पोरावर मात्र हात टाकूं देत नाहीं. हा प्रसंग सारे नोकर दारांतून पाहत असतात. त्या एका मिनिटांत मालकानें जी पत मिळविली ती वर्षभराच्या पगारवाढीनें मिळणार नाहीं.

ह्या गोष्टी नव्या नाहींत. जमशेटजी टाटा ह्यांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हां त्यांच्यापुढें नेमका हाच प्रश्न उभा राहिला. शेतीची संवय असलेला तेथील माणूस गिरणीच्या भोंग्याला बांधला जात नसे. मनास येईल तेव्हां कामावर यावें, मनास येईल तेव्हां राहावें, अशी स्थिति होती. सामान्य मालकानें दंड वाढविला असता. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता ह्यांनीं बक्षिसें सुरू केलीं, खेळांचे सामने भरविले, आणि १८८६ सालीं कामगारांसाठीं निवृत्तिवेतनाचा निधि व १८९५ सालीं अपघाताची भरपाई हीं सुरू केलीं. असें करण्यास त्यांना भाग पाडील असा कोणताच कायदा त्या काळीं नव्हता. गैरहजर राहणाऱ्यास शिक्षा करण्यापेक्षां हजर राहणें त्याच्या हिताचें करावें, हा तो विचार होता.

त्याच जमशेटजींनीं १६ डिसेंबर १९०३ रोजीं मुंबईस ताजमहाल हॉटेल उघडलें आणि पुढच्याच वर्षीं ते निवर्तले. त्या हॉटेलची खरी कसोटी लागली ती १०५ वर्षांनीं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं अतिरेकी आंत शिरले आणि २९ च्या सकाळपर्यंत गोळीबार व आग चालू होती. सेवकांना मागचीं दारें, जिने, बोळ सर्व ठाऊक होतें. निसटून जाणें त्यांना पाहुण्यांपेक्षां किती तरी सोपें होतें. परंतु त्यांतील पुष्कळ जण थांबले. त्यांनीं पाहुण्यांना लपविलें, धीर दिला, अंधारांतून वाट दाखविली, आणि कित्येक सेवक त्या कामीं मरण पावले. हॉटेलचे मुख्य व्यवस्थापक करमबीर सिंह कांग ह्यांची पत्नी आणि दोन मुलें वरच्या मजल्यावरील आगींत गेलीं. तरीहि ते इतरांना बाहेर काढण्याच्या कामावरून हलले नाहींत.

असे सेवक एका रात्रींत निर्माण होत नाहींत. हार्वर्डचे प्राध्यापक रोहित देशपांडे आणि अंजली रैना ह्यांनीं २०११ सालीं ह्याच प्रश्नावर एक लेख लिहिला. ताजमध्यें नोकर निवडतांना महानगरांपेक्षां लहान शहरांकडे लक्ष असे. मार्कांपेक्षां वडीलधाऱ्यांविषयीं आदर, दुसऱ्याविषयीं आस्था हे गुण पाहिले जात. धंद्यांत १२ महिन्यांचें शिक्षण रूढ असतां तेथें तें १८ महिने चाले. आणि चांगल्या कामाची दखल वर्षाअखेर न घेतां ताबडतोब, तीहि थेट वरिष्ठाकडून घेतली जाई, असें त्यांनीं नमूद केलें आहे. ह्यांपैकीं शेवटची गोष्ट बिनखर्चाची आहे हें लक्षांत ठेवावें. हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्येंच जो मदतनिधि उभारला गेला त्यानें हॉटेलच्या सेवकांपुरतें न पाहतां आसपासच्या इतर पीडितांसहि हात दिला. जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजीं पुन्हां उघडली.

येथें भिंगारचा हॉटेलवाला म्हणेल, “टाटांचें ठीक आहे. त्यांच्यामागें भांडवल आहे. दहा टेबलांच्या धन्यानें काय करावें?” प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर मुंबई-पुण्याच्या उडुपी हॉटेलांच्या इतिहासांत सांपडतें. दक्षिण कानडांतून आलेलीं गरीब मुलें ह्या हॉटेलांत दिवसा टेबलें पुसत आणि रात्रीं कानडी रात्रशाळांत शिकत. त्यांतलींच अनेक पुढें स्वतः हॉटेलमालक झालीं. पुण्याच्या ‘वैशाली’चे संस्थापक जगन्नाथ शेट्टी, जे २०२३ सालीं वृद्धापकाळीं वारले, त्यांनींहि कोवळ्या वयांत नातलगाच्या हॉटेलांत नोकरी करूनच ह्या धंद्याची मुळाक्षरें गिरविलीं होतीं. ज्यानें स्वतः मोरींत उभें राहून भांडीं घांसलीं आहेत त्याला थंडींतल्या पाण्याची धार कशी लागते हें सांगावें लागत नाहीं. आणि नोकरास तर त्याच्याकडे पाहून उमगतें कीं, ह्या मोरीपासून त्या गल्ल्यापर्यंत एक वाट आहे.

ही वाट दाखविणें हें नेतृत्वाचें बहुधा सर्वांत मोठें काम होय. १४ वर्षांखालील मुलांना हॉटेलांत कामास ठेवण्यावर २००६ सालापासून बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण अठरा-वीस वर्षांचा, दहावी नापास होऊन आलेला तरुण आजहि ह्या धंद्यांत येतो. नगरमध्यें हिंद सेवा मंडळाचें भाई सथ्था नाईट हायस्कूल दिवसा राबणाऱ्यांसाठीं आहे. आठवड्यांतून पांच दिवस अशा तरुणास संध्याकाळीं दोन तास लवकर सोडावें, तर मालकाचें नुकसान किती? ज्याची शाळा ह्या गांवांत आहे, तो परीक्षा होईपर्यंत तरी दुसऱ्या गांवची नोकरी धरीत नाहीं. आणि ज्या हॉटेलनें त्याला शिकूं दिलें, त्याचें नांव तो जन्मभर काढतो. भांडीं घासणाऱ्यानें भजीं तळावयास शिकावें, भजीं तळणाऱ्यानें रस्सा, आणि हिशेबांत हुशार असेल त्यानें गल्ला. एवढी पायरी ठेवली तरी पुष्कळ झालें.

अधिकाराची वांटणी ह्याहून पुढें गेलेलीहि आपल्या देशांत आहे. कॉफी बोर्डाचीं इंडिया कॉफी हाउसें बंद होऊं लागलीं तेव्हां कॉम्रेड ए. के. गोपालन ह्यांच्या प्रेरणेनें १९५७ पासून कामगारांनीं सहकारी संस्था स्थापून तीं स्वतः चालविण्यास घेतलीं. तेथें चालक बाहेरून येत नाहीं. वाढपीच आपल्यांतून तो निवडतात. प्रत्येक हॉटेल असें होऊं शकणार नाहीं. परंतु माणूस जेथें आपला शब्द चालतो तेथें राहतो, एवढा बोध त्यांतून कोणासहि घेतां येईल.

सर्व लहान हॉटेलवाल्यांची परीक्षा एकदमच झाली ती २०२० सालीं. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, चुली विझल्या, आणि हॉटेलांतील माणसें मिळेल त्या वाटेनें गांवाकडे निघालीं. महाराष्ट्रांत उपाहारगृहांत बसून खाण्यास परवानगी मिळाली ती ५ ऑक्टोबरला, तीहि निम्म्या क्षमतेनें. दारें उघडलीं, पण आंत माणसें कोठें होतीं? ज्या धन्यानें टाळेबंदींत नोकराला शिधा पुरविला, निदान मधून मधून फोन करून ‘घरचे बरे आहेत ना?’ एवढें विचारलें, त्याच्या हांकेला ओ देण्यास नोकराला कारण होतें. ज्यानें मार्चचा पगारहि अडवून ठेवला त्याच्या हांकेला तें नव्हतें. संकटांत नेत्यानें केलेली गोष्ट नोकर विसरत नाहीं. न केलेली तर मुळींच विसरत नाहीं.

मात्र एक इशारा आवश्यक आहे. चालकाचा गोड शब्द हा वाजवी पगाराला पर्याय नव्हे. ‘आपण सारे एका कुटुंबांतले’ असें म्हणावयाचें आणि पगार शेजाऱ्यापेक्षां कमी द्यावयाचा, हें नेतृत्व नव्हे, तो लबाडीचा व्यवहार आहे, आणि तो नोकरास लवकरच कळतो. तसेंच, प्रत्येक जाणें वाईट असतें असेंहि नाहीं. एकजण चार वर्षें काम शिकून आपल्या गांवीं स्वतःची खाणावळ काढतो. दुसरा अपमान सहन न होऊन भर दुपारीं अंगावरचा पंचा टाकून निघून जातो. हिशेबांत दोन्हीं जाणीं सारखीं. पण पहिल्या जाण्यांत हॉटेलची कीर्ति आहे आणि दुसऱ्यांत नालस्ती. पहिला जातांना आपल्या जागीं आपला धाकटा भाऊ आणून उभा करतो. दुसरा स्टँडवर भेटेल त्या प्रत्येकाला सांगतो, तेथें जाऊं नकोस.

भिंगार हें जवानांचें गांव. सैन्यांतील अधिकाऱ्यांना जी शिकवण मिळते तिचें सूत्र सर फिलिप चेटवुड ह्यांनीं १९३२ सालीं डेहराडूनच्या लष्करी प्रबोधिनींत घालून दिलें: आधीं देशाचें हित, मग हाताखालच्या माणसांचें, आणि स्वतःच्या सुखाचा विचार सर्वांत शेवटीं, तोहि नेहमींच. तें ज्यांनीं आचरिलें आहे असे अधिकारी भिंगारच्या टेबलांवर चहा पीत असतात, आणि गल्ल्यावरचा धनी त्यांच्याकडून फक्त चहाचे पैसे घेतो. त्यानें तें सूत्रहि घ्यावें. सर्व नोकरांचीं पानें वाढलीं गेलीं कीं नाहींत हें पाहून मग जो मालक जेवावयास बसतो, त्याला ‘माणसें टिकत नाहींत’ असें म्हणण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

आणि हा प्रश्न केवळ गल्ल्यावर बसणाऱ्याचाहि नाहीं. रविवारीं सहकुटुंब हॉटेलांत जाणारा सुशिक्षित गृहस्थ वाढप्याला ‘ए’ म्हणतो कीं नांव विचारून हांक मारतो, हें शेजारीं बसलेलीं त्याचीं मुलें पाहत असतात. घरीं स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना ताप आला असतां दोन दिवसांचे पैसे कापावयाचे कीं त्यांच्या हातीं औषध द्यावयाचें, हें ठरविणारी गृहिणीहि आपल्या जागीं चालकच असते. बाई टिकत नाहींत अशी तक्रार जेव्हां घरांत निघेल, तेव्हां किल्ल्यांतील त्या साठ रुपयांच्या आचाऱ्याची आठवण करावी. त्याला सर्व कांहीं दिलें होतें. फक्त ‘तुझ्या घरीं कोण कोण आहे?’ असें विचारणारा धनी त्याला लाभला नव्हता.